बाजारातली उधारी आणि आठ लाखांचा शब्द

स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, डम्फ्रीसशायर परगण्यात, एस्क नदीच्या खोऱ्यात बर्नफूट नावाचं एक शेतघर होतं. जॉर्ज माल्कम हा त्या घरचा कर्ता. जमीन मालकीची नव्हती, दुसऱ्याची कसायची. त्याची बायको मार्गारेट पॅस्ली. या जोडप्याला सतरा मुलं झाली. घर भरलेलं, माणूस अब्रूदार, पण व्यवहारात नको तिथे हात घातला आणि १७८० च्या सुमाराला जॉर्ज कर्जात बुडाला.

अशा घरात एकच उपाय उरतो. खाणारी तोंडं बाहेर काढायची आणि ती कमावती होतील अशी आशा धरायची. थोरला रॉबर्ट ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत मद्रासला गेला. जेम्स आरमारी सैनिकांत, पल्टनी राजाच्या आरमारात. चौथा जॉन. २ मे १७६९ चा जन्म, अंगात मस्ती, आणि अभ्यासात लक्ष बेताचंच. शाळेत काहीही उपद्व्याप झाला की गुरुजी आर्चिबाल्ड ग्रॅहम चौकशी न करताच म्हणत, याच्या मुळाशी जॉकच असणार. पुढे याच जॉकनं इराणचा दोन खंडी इतिहास लिहिला आणि त्याची एक प्रत गुरुजींना धाडली. आत हातानं लिहिलं होतं, ‘याच्या मुळाशी जॉकच आहे.’

मामाच्या ओळखीनं जॉनला लंडनला कंपनीच्या डायरेक्टरांपुढे उभं केलं गेलं. वय जेमतेम बारा-तेरा. एवढ्याशा पोराला घ्यावं कसं, म्हणून एकानं गमतीनं विचारलं, बाळ, हैदर अली समोर आला तर काय करशील? पोरगा म्हणाला, तलवार काढीन आणि त्याचं डोकं उडवीन. डायरेक्टर हसले आणि नेमणूक झाली. १७८३ च्या एप्रिलात तो मद्रासला उतरला, तेव्हा हैदर मरून चार महिने झाले होते.

आता या गोष्टीत जो प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो फार लहान आहे. चरित्रकारानं तो दोन-तीन वाक्यांत उरकला आहे.

पलटणीत आलेल्या कोवळ्या पोरांचं जे होतं तेच जॉनचं झालं. हाती पगार, डोक्यावर वडीलधारं कोणी नाही, संगत खर्चिक. थोड्याच दिवसांत कर्ज झालं. बापाचं कर्ज फेडायला म्हणून ज्याला सातासमुद्रापार पाठवलं, तो तिथे पोचून स्वतःच कर्जदार झाला. भावाकडे हात पसरायची लाज वाटली. आणखी उसने घेतले तर पाय अधिकच खोलात जाणार हेही कळत होतं. मग त्यानं खर्चच तोडला, आणि तो इतका तोडला की खायचे हाल झाले. तेव्हा बाजारातल्या एका म्हातारीला त्याची दया आली. तिनं त्याला उधारीवर खायला घालायला सुरुवात केली. पैसे जमतील तेव्हा दे, मुदत नाही.

तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही. ती कोणत्या जातीची, काय विकत होती, हेही नाही. तिनं लिहून काही घेतलं नव्हतं, साक्षीदार ठेवला नव्हता. पोरगा उद्या तापानं मेला असता किंवा त्याची पलटण रातोरात हलली असती, तर तिचे पैसे बुडाले असते. त्या काळी मद्रासेत गोऱ्या पोरांचं मरण ही रोजचीच बाब होती. तरी तिनं घातलं.

जॉन माल्कम मेला नाही. कर्जातून वर आला आणि तिचे पैसे त्यानं चुकते केले. हिशेब तिथे संपत होता. पण त्यानं त्या म्हातारीला दरमहा तनखा बांधून दिला आणि ती हयात असेतो तो देत राहिला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि नसतं दिलं तरी कोणी विचारणार नव्हतं.

बर्नफूटच्या कर्जाचीही तीच कथा. बापानं केलेलं कर्ज, कायद्यानं मुलांवर त्याचा काही बोजा नव्हता. पण रॉबर्ट आणि जॉन हिंदुस्थानातून पैसे पाठवत राहिले आणि म्हाताऱ्या बापाला त्यांनी कर्जातून मोकळं केलं. कुटुंब म्हणजे काय, हे या घराला शिकवावं लागलं नाही. एकाचं देणं ते सगळ्यांचं देणं, आणि एकाचं वर जाणं ते सगळ्यांचं वर जाणं, अशी ती माणसं होती. १८१५ साली जेम्स, पल्टनी आणि जॉन या तिघा भावांना एकाच वर्षी नाइट कमांडर ऑफ द बाथ हा किताब मिळाला. धाकटा चार्ल्स पुढे आरमारातच ‘सर’ झाला. एका कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरातून चार ‘सर’ निघाले.

पण गोष्ट पुढे नेऊ. जॉन फार्सी शिकला आणि त्याचं नशीब उघडलं. तोफा ओढणारे खूप होते, दरबारात बसून बोलणारे थोडे. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या स्वारीत तो निजामाच्या फौजेबरोबर होता. त्यानंतर लगेच गव्हर्नर जनरल वेलस्लीनं त्याला इराणच्या शहाकडे वकील म्हणून पाठवलं. एकूण तीनदा तो त्या वाटेनं गेला. इराणात बटाटा नेल्याचं श्रेयही त्यालाच देतात. १८०३ साली तो आर्थर वेलस्लीबरोबर पुण्यात आला आणि वसईच्या तहानं गादीवर परत बसवलेल्या दुसऱ्या बाजीरावाला तिथे पहिल्यांदा भेटला. १८०७ साली त्यानं म्हैसूरला इझाबेला कॅम्पबेलशी लग्न केलं. एक मुलगा, चार मुली झाल्या. बायको-मुलं बहुतेक वर्षं विलायतेत आणि हा इकडे, त्यामुळे त्याच्या संसाराचा मोठा भाग पत्रांतच झाला.

माणूस दिलदार होता, बडबड्या होता, आणि समोरच्यावर चटकन विश्वास टाकणारा होता. हा शेवटचा गुण मुत्सद्द्याला अंगाशी येतो. १८१७ च्या ऑगस्टात साताऱ्याजवळ माहुलीला बाजीरावानं त्याला बोलावून घेतलं, जुना मित्र म्हणून गळ्यात गळा घातला, आपल्यावर कसा अन्याय होतो आहे ते सांगितलं. माल्कम विरघळला. पेशव्याच्या मनात काही काळंबेरं नाही, अशी त्याची खात्री झाली. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन हे ऐकून घेत होता, पण पटवून घेत नव्हता. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि एल्फिन्स्टन खरा ठरला.

त्यानंतरचे सात महिने मराठी वाचकाला ठाऊक आहेत. कोरेगाव, आष्टी, बापू गोखल्यांचा मृत्यू, मग वऱ्हाड-नागपूरच्या वाटेवरची धावपळ आणि एप्रिलातला शिवणीचा पराभव. तिकडे माळव्यात २१ डिसेंबर १८१७ ला माल्कमनं महिदपूरला होळकरांच्या तोफांवर चाल केली आणि जानेवारीत मंदसोरला तह करून घेतला. म्हणजे मराठी राज्याची दोन टोकं तोडण्यात त्याचा हात होता. तो आपला हितचिंतक होता असं कोणी मानायचं कारण नाही.

मे महिन्यात बाजीरावाचा वकील माल्कमच्या महूच्या छावणीत आला. पेशवा असीरगडाच्या आसऱ्यानं बसला होता. मागे किल्ला शिंद्यांच्या किल्लेदाराच्या ताब्यात, नागपूरचे आप्पासाहेब भोसले नुकतेच कैदेतून निसटलेले, आणि पाऊस तोंडावर. पावसाळा सुरू झाला असता तर नर्मदा-तापीच्या मुलखात पाठलाग थांबला असता आणि पेशव्याच्या नावाखाली पुन्हा फौज जमली असती. माल्कमला घाई होती ती यामुळे. त्याच्या औदार्यात हिशेब नव्हता असं नाही.

१ जून १८१८ ला खेरी गावाजवळ दोघे भेटले. बाजीराव रडला. माल्कमनं त्याला धीर दिला, पण एक गोष्ट स्वच्छ सांगितली, की राज्य परत मिळणार नाही, त्याची आशा सोडा. रात्री त्यानं अटी लिहून पाठवल्या आणि उत्तराला चोवीस तासांची मुदत घातली.

त्या अटी नीट वाचण्यासारख्या आहेत. पहिली अशी की बाजीरावानं स्वतःसाठी आणि आपल्या वारसांसाठी पुण्याच्या राज्यावरचा व कुठल्याही राजसत्तेवरचा सगळा हक्क सोडायचा. मग दक्षिण सोडून काशीला किंवा दुसऱ्या एखाद्या तीर्थक्षेत्री जाऊन राहायचं. मग त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी कंपनी सरकार भरघोस तनखा देईल. रक्कम गव्हर्नर जनरल ठरवतील, पण ती सालीना आठ लाख रुपयांहून कमी असणार नाही, हे माल्कम आपल्या अंगावर घेतो. शिवाय पेशव्यापायी धुळीला मिळालेल्या जहागीरदारांचा, ब्राह्मणांचा आणि देवस्थानांचाही कंपनी विचार करील.

बरीच चालढकल करून ३ जूनला बाजीराव माल्कमच्या छावणीत दाखल झाला.

लगेच आठवड्याभरात एक प्रसंग घडला. बाजीरावाबरोबर अरब शिपाई होते आणि त्यांचा पगार थकला होता. वाद होता तो कधीपासूनचा पगार धरायचा याचा. अरब म्हणत होते, त्र्यंबकजी डेंगळ्यांनी आम्हाला ठेवलं त्या दिवसापासून. बाजीराव म्हणत होता, माझ्याकडे रुजू झालात तेव्हापासून. म्हणजे कारभाऱ्यानं दिलेला शब्द धन्यानं आपला मानायचा की नाही, हाच प्रश्न. अरबांनी पेशव्याच्या तंबूला वेढा दिला आणि प्रकरण खूनखराब्यापर्यंत आलं. माल्कमनं तोफा रोखल्या, पण डागल्या नाहीत. बोलून, पैसे ठरवून त्यानं वेढा उठवला. या प्रकरणात पेशवाईचा शेवटचा धनी मला फार केविलवाणा दिसतो. कारभाऱ्यानं आपल्यासाठी ठेवलेल्या माणसांना नाकारण्याचा विचार त्याच्या डोक्यात आला, तो राज्य गेल्यावरही. तेहतीस वर्षांनी नेमकं हेच त्याच्या मुलाच्या वाट्याला यायचं होतं.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला आठ लाखांचा आकडा अवाच्या सवा वाटला. हरलेल्या, पळालेल्या, उद्या पकडला गेलाच असता अशा माणसाला एवढं कशाला? माल्कमनं आपली बाजू मांडली. लढाई लांबली असती तर याहून जास्त खर्च झाला असता, आणि जिंकलेल्या माणसांना आपण कसं वागवतो हे सगळा मुलूख पाहतो आहे. हेस्टिंग्जनं नापसंती ठेवली, पण शब्द पाळला. ही गोष्ट कंपनीच्या पदरात टाकायलाच हवी.

मला मात्र त्या औदार्याचं कौतुक जपूनच करावंसं वाटतं. ज्याचा सगळा वाडा घेतला त्याला त्यातली एक खोली राहायला दिली, तर देणाऱ्याला दानशूर म्हणत नाहीत. पण युद्धाच्या धामधुमीत जिंकणाऱ्याकडच्या एका माणसाला, समोरच्याच्या पाठीशी बायका आहेत, आश्रित आहेत, भटभिक्षुक आहेत, हे आठवलं. सतरा भावंडांत वाढलेल्या आणि घरावरचं कर्ज पाहिलेल्या माणसाला ते आठवलं, यात मला नवल वाटत नाही. योगायोग असा, की त्याच्या भावालाही हेच काम पडलं होतं. दोनच वर्षांपूर्वी पल्टनी माल्कम सेंट हेलेना बेटाच्या आरमाराचा प्रमुख होता. तिथे कैदेत असलेल्या नेपोलियनशी तो इतक्या अदबीनं वागला की बेटाचा गव्हर्नर हडसन लो त्याच्यावर नाराज झाला.

बाजीराव कानपूरजवळ बिठूरला जाऊन राहिला. १८२७ साली त्यानं वेणगावच्या भट घराण्यातला धोंडोपंत नावाचा मुलगा दत्तक घेतला. तेच नानासाहेब. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. आठ वर्षांपूर्वी हीच जागा त्याला डावलून एल्फिन्स्टनला मिळाली होती, तेव्हा तो फार दुखावला होता. मधल्या काळात त्यानं माळव्याचा कारभार पाहिला, मध्य हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला आणि त्यात अहिल्याबाई होळकरांच्या कारभाराचं असं वर्णन केलं की इंग्रजी वाचकाला त्या बाईंची खरी ओळख त्यानंच करून दिली.

गव्हर्नर म्हणून तो तीन वर्षं राहिला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाशी भांडला. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला. चार्ल्स तेव्हा मुंबईतच कंपनीच्या आरमाराचा प्रमुख होता, आणि त्याच वर्षी मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेची बोट इथून सुएझला गेली. एक भाऊ गव्हर्नर आणि दुसरा आरमारप्रमुख, याला आपण आज काय म्हटलं असतं ते वाचकांनीच ठरवावं. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून माल्कमनं महाबळेश्वरचं पठार घेतलं आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. महाराजांनी तिथल्या नव्या वस्तीला माल्कमपेठ नाव दिलं. त्या करारानंतर दहा वर्षांनी कंपनीनं प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं आणि १८४८ साली दत्तक नामंजूर करून साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. महाबळेश्वर अर्थातच परत दिलं नाही.

हे पाहायला माल्कम नव्हता. ३० मे १८३३ ला तो लंडनमध्ये वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा पुतळा बसला, लँगहोमच्या टेकडीवर त्याच्या नावाचा शंभर फुटी स्तंभ उभा राहिला, मुंबईच्या टाउन हॉलातही शँट्रीनं घडवलेला त्याचा संगमरवरी पुतळा आला.

बाजीराव त्याच्यामागे जवळजवळ अठरा वर्षं जगला. २८ जानेवारी १८५१ ला तो बिठूरला वारला आणि नानासाहेबांनी तनखा पुढे चालावा म्हणून अर्ज केला. गव्हर्नर जनरल डलहौसीचं उत्तर सरळ होतं. पेशव्यांना तेहतीस वर्षांत अडीच कोटींच्या वर रुपये मिळाले आहेत, मागे मोठी मालमत्ता आहे, तनखा त्यांच्या हयातीपुरता होता, तो संपला. नानासाहेबांच्या बाजूनं सांगितलं गेलं, की तनखा कुटुंबाच्या निर्वाहासाठी होता आणि कुटुंब तर आहे. त्यांचा वकील अझीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन आला. उपयोग झाला नाही.

डलहौसी अप्रामाणिक होता असं मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे कागद होता आणि कागदात ‘वंशपरंपरा’ असं लिहिलेलं नव्हतं. पण त्याच कागदात पहिल्या कलमात वारस होते. राज्यावरचा हक्क सोडताना वारसांनाही बांधून घेतलं, आणि देण्याची वेळ आली तेव्हा वारस नाहीत असं ठरलं. मद्रासच्या बाजारातल्या म्हातारीनं असा हिशेब केला असता, तर जॉन माल्कम पोटाला काय खाणार होता?

चूक माल्कमचीही आहे. आपण दिलेला शब्द आपल्यामागे दुसरं कोणीतरी वाचणार, आणि त्याला खेरीच्या माळावरचा तो जूनचा दिवस आठवणार नाही, हे त्याला कळायला हवं होतं. म्हातारीचा तनखा तो स्वतःच्या खिशातून देत होता, म्हणून तो चालला. बाजीरावाचा तनखा त्यानं कंपनीच्या खिशातून कबूल केला आणि तिथे आपल्या स्वभावावर विसंबला. कलमात चार शब्द जास्त घातले असते तर निदान पळवाट तरी राहिली नसती. कनवाळू माणसं लिहिण्यात ढिसाळ असतात, आणि त्याचं मोल बहुतेक वेळा तिसराच कोणी चुकवतो.

१८५७ च्या जूनमध्ये कानपूर पेटलं. तो सगळा वणवा एका तनख्यापायी लागला असं म्हणणं पोरकटपणाचं होईल. शिपायांची कारणं वेगळी होती, अवधची वेगळी, झाशीची वेगळी. तिथे कोंडलेल्या बायका-मुलांच्या कत्तलीला तर कुठल्याच थकलेल्या देण्याचं समर्थन देता येणार नाही. पण बिठूरचा धनी त्या आगीत का उतरला याचं एक कारण १८५१ च्या त्या नकारात आहे, आणि हे खुद्द इंग्रज इतिहासकारांनीही लिहून ठेवलं आहे. माल्कमचा चरित्रकार जॉन केय हाच त्या बंडाचाही इतिहासकार.

पुढच्याच वर्षी कंपनीची सत्ता गेली. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीनं संस्थानिकांशी कंपनीनं केलेले करार पाळण्याचं वचन दिलं, आणि १८६२ साली लॉर्ड कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तक मान्य करणाऱ्या सनदा वाटल्या. बिठूरसाठी त्यांतली एकही नव्हती.